पोर्ट टॅलबोटची भट्टी, नांदेडची मिल, जालन्याचं भंगार: कारखाने जातात तेव्हा नेमकं काय काय जातं?

गोदाकाठ

३० सप्टेंबर २०२४ ला एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन गोष्टी बंद झाल्या. एक म्हणजे वेल्समधल्या पोर्ट टॅलबोटची टाटा स्टीलची शेवटची ब्लास्ट फर्नेस (कोळशावर खनिजातून लोखंड काढणारी भट्टी) आणि दुसरं रॅटक्लिफ नावाचं त्यांचं शेवटचं कोळशावरचं वीजकेंद्र. ज्यांनी कोळसा जाळून सगळ्या जगाला कारखाना म्हणजे काय ते दाखवलं त्यांच्याकडं आता कोळशाची वीज शून्य. आपल्याकडच्या ग्रुपांवर यावर दोनच प्रकारचे मेसेज फिरले, एक 'बघा साहेबाची कशी जिरली' आणि दुसरा 'बघा ते पर्यावरणात किती पुढं गेले'. मला दोन्ही अर्धवट वाटले म्हणून धागा काढायलाव.

माझं म्हणणं असंय की कारखानदारी ओसरणं बऱ्याचदा कुणाच्या बापाला थांबवता येत नाही, मशिनी सुधारतात, माल दुसरीकडं स्वस्त बनतो, खाण खोल जाते, पण त्याचा खर्च कोण भरणार हे मात्र ठरवता येतं. आणि जिथं ते कुणी ठरवलं नाही तिथं तो गावानं भरला.

अमेरिकेतलं यंग्सटाऊन बघा. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार, पोलाद कंपनीनं जाहीर केलं की मोठा कारखाना बंद, ५००० च्या आसपास माणसं एका झटक्यात घरी. १९३० ला त्या गावाची लोकसंख्या १ लाख ७० हजार होती, २०२० ला ६० हजार. आता उलटं, जर्मनीतलं रूर खोरं. १९५७ च्या सुमारास सगळ्या पश्चिम जर्मनीत दगडी कोळशाच्या खाणींत ६ लाख माणसं होती, त्यातली बरीचशी रूरमध्ये, शेवटची खाण बंद झाली डिसेंबर २०१८ ला. म्हणजे साठ वर्षं घेतली राव बंद करायला! मध्ये सरकारनं अनुदान ओतलं, लोकांना लवकर पेन्शन दिली, बोखुमला विद्यापीठ काढलं (त्याआधी एवढ्या मोठ्या कामगारपट्ट्यात एकही विद्यापीठ नव्हतं, कारण खाणीत जाणाऱ्याला कशाला पाहिजे). रूर आज काही स्वर्ग नाही, बेकारी बाकी जर्मनीपेक्षा जास्तच आहे, पण यंग्सटाऊनसारखं ओसाड पण पडलं नाही.

आपल्या नांदेडला उस्मानशाही मिल होती, निजामाच्या काळातली, पुढं एनटीसीकडं (सरकारी कापड महामंडळाकडं) गेली आणि नंतर बंद. तिच्या भोवती खानावळी होत्या, सायकलीची दुकानं होती, पगाराच्या दिवशी उशिरापर्यंत उघडं राहणारं कापडाचं दुकान होतं, उधारीच्या वह्या होत्या. मिल गेली ते सगळ्यांना दिसलं, हे बाकीचं कधी गेलं ते कुणाला कळलंच नाही. कुणाकडं या बाकीच्याचा हिशोब आहे का? मराठवाड्यातलं जे जे आठवतं ते लिहा.

काळी_माती

भाऊ तुमचं दुःख कळतं पण मराठवाड्याला हा विषय कसा लागू होतो ते सांगा. ज्याच्याकडं केस होते त्याला टक्कल पडतं. आमच्या परभणीत कारखानदारी ओसरायला आधी आली कुठं होती? जिनिंग-प्रेसिंग सोडलं तर काय होतं? ती पण सहा महिन्यांची. कापसाचं रान सोयाबीननं खाल्लं तशी जिनिंगपण बारीक झाली.

अर्थात_लातूर

काळी_माती यांनी चेष्टेत म्हटलंय पण मुद्दा नेमका तिथंच आहे. अर्थशास्त्र शिकवतो म्हणून थोडं लांबतं, सांभाळून घ्या.

श्रीमंत देशांत कारखान्यातला रोजगार आधी खूप वर गेला आणि मग उतरला. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाआधी शंभरातले ४५ कामगार कारखानदारीत होते, आज दहाच्या आत. मधल्या काळात त्यांची शहरं वसली, युनियन झाल्या, पेन्शन, शाळा, दवाखाने झाले, म्हणजे उतरण लागली तेव्हा पायाखाली काहीतरी होतं. आपल्याकडं कारखानदारीत आहेत शंभरातले अकरा-बारा, आणि तो आकडा वर जायच्या आधीच थबकलाय. डॅनी रॉड्रिक नावाच्या अर्थतज्ज्ञानं हे बऱ्याच देशांबद्दल मांडलंय, श्रीमंत व्हायच्या आधीच कारखान्यांचा काळ संपायला लागणं. मेक इन इंडिया २०१४ ला आलं तेव्हा उत्पादन क्षेत्राचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं, तो अजून पंधरा-सतराच्या मध्येच घुटमळतोय.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणसं उलटी शेतीत चाललीत. सरकारच्याच श्रमबल पाहणीत २०१८-१९ ला शेतीवर ४२.५ टक्के कामगार होते, कोविडनंतर २०२०-२१ ला ४६.५. जगात सगळीकडं शेतीतून माणूस बाहेर निघतो, आपल्याकडं परत बांधावर येऊन बसला. बांधावर तेवढं काम आहे का हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

आमच्या लातूरला डालडा फॅक्टरी होती, सहकारी. ती गेली आणि लातूरनं शिकवण्यांचा धंदा उभा केला. खोल्या, मेस, झेरॉक्स, अभ्यासिका, सगळं शहर त्याच्यावर चालतं आता. याला तुम्ही सेवा क्षेत्र म्हणा, पण फरक बघा, फॅक्टरीत दहावी नापास माणसाला कायम नोकरी लागायची, शिकवणीच्या धंद्यात त्याला मेसमध्ये चपात्या लाटायचं काम लागतं तेही कायम नाही.

जालना_भट्टी

अरे आमच्याकडं या ना ओसरलेलं बघायला 😄 जालन्यात तर धूर वाढतोच आहे. गोदाकाठ भाऊंनी पोर्ट टॅलबोटचं काढलं म्हणून सांगतो, मी रोलिंग मिलच्या लाइनीत आहे. जालन्याचं सगळं पोलाद भंगारावर चालतं, इंडक्शन फर्नेसमध्ये म्हणजे विजेवरच्या भट्टीत भंगार वितळवायचं, बिलेट (लोखंडाची जाड कांब) पाडायची, त्याची सळई ओढायची. भंगार देशातलं पण असतं आणि बाहेरचं पण, कंटेनर भरून येतं. त्यात काय काय निघतं ते विचारू नका, मोटारीचे तुकडे, मशिनीचे तुकडे, कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्याचे गर्डर. म्हणजे तिकडं जे गेलं ते इकडं येऊन वितळतंय आणि त्याची सळई होऊन समृद्धीच्या पुलात बसतीय.

आता कामगार कोण? भट्टीवर बहुतेक यूपी-बिहार-झारखंडचे. जालन्याचा पोरगा भट्टीवर टिकत नाही, तो पुण्याला चाकणला जातो बारा तास उभं राहायला पण तिथं एसी नसला तरी सावली असते. भट्टीतून ठिणगी उडाली तर अंगावर येते, स्फोट झाले की पेपरात येतं आणि चार दिवसांनी विसरतात. धुराचं बोलाल तर रात्री या एमआयडीसीत.

स्वान्सीचा_नांदेडकर

नमस्कार, धागा बघून खाते उघडलं. मी मूळचा नांदेडचा, सध्या स्वान्सीत, पोर्ट टॅलबोट इथून गाडीनं पंधरा-वीस मिनिटं. कंपनीशी माझा संबंध नाही, आयटीत आहे.

थोडं दुरुस्त करतो, पोलादाचं काम पूर्ण बंद झालेलं नाही. खनिजापासून लोखंड काढणं बंद झालं. टाटा तिथं विजेवरची आर्क फर्नेस बांधतेय, सव्वाशे कोटी पौंडांचा प्रकल्प, त्यातले ५० कोटी पौंड सरकारचे, २०२७ च्या शेवटाकडं सुरू व्हायचं म्हणतात. ती चालणार भंगारावर. म्हणजे जालना_भट्टी, तुमचीच पद्धत जरा मोठ्या प्रमाणात 🙂 ब्रिटन दरवर्षी लाखो टन भंगार बाहेर विकतो, ते आता इथंच वापरू असा विचार.

पण माणसांचं गणित बसत नाही. ब्लास्ट फर्नेसला जेवढी माणसं लागतात त्याच्या मानानं आर्क फर्नेसला फारच कमी. २०२४ च्या सुरुवातीला २८०० च्या आसपास नोकऱ्या जाणार असं जाहीर झालं, गाव तीस-पस्तीस हजारांचं. साठच्या दशकात याच कारखान्यात अठरा-वीस हजार माणसं होती म्हणे. घराघरात आजोबा-बाप-पोरगा एकाच गेटातून गेलेले. इथं माणसाला पैसे मिळतात, ट्रेनिंगसाठी निधी आहे, ते मान्य, नांदेडच्या मानानं हे लाडच आहेत. पण पन्नाशीचा क्रेन ऑपरेटर ट्रेनिंग घेऊन करणार काय? त्या पगाराचं काम त्या खोऱ्यात दुसरं नाहीच. अॅमेझॉनचं गोदाम आहे स्वान्सीला, तिकडं जातात काही.

आता पर्यावरण. कंपनीचं म्हणणं होतं की या एका बदलानं ब्रिटनचं एकूण कार्बन उत्सर्जन दीड टक्क्यानं कमी होईल. खरंच असेल, भट्ट्या तेवढ्या मोठ्या होत्या, खिडकीच्या कठड्यावर लाल धूळ बसायची असं तिथले लोक सांगतात. पण आर्क फर्नेस तयार होईपर्यंत रोलिंग चालू ठेवायला पोलादाच्या लाद्या आणि कॉइल येतात कुठून? हॉलंडमधून आणि भारतातून, टाटाच्याच कारखान्यांतून. म्हणजे वेल्सच्या हिशोबातून धूर पुसला आणि ओडिशाच्या हिशोबात लिहिला.

काळी_माती

म्हणजे पुण्य त्यांचं आणि पाप आमचं. बरंय.

गोदाकाठ

@काळी_माती पाप नुसतंच येत नाही ना, त्याच्याबरोबर रोजगार पण येतो, म्हणून तर आपण घेतो. माझा आक्षेप असा की हिशोब मांडताना देश आपापल्या हद्दीतला धूर मोजतात, आपण वापरलेल्या मालाचा धूर मोजत नाहीत. बाहेरून येणाऱ्या मालाचा धूर धरला की ब्रिटनची घट बऱ्यापैकी बारीक होते. शून्य होत नाही हां, ते पण खोटं होईल, कोळशाच्या जागी गॅस आणि वारा आला ती कमाई खरीच आहे.

मुकुंदवाडीची_ताई

मी वाळूजला नोकरीला होते, गाडीचे पार्ट बनवणारी छोटी कंपनी, नाव घेत नाही. इथं सगळे देशाचं आणि टक्क्यांचं बोलायलेत म्हणून बायकांचं पण लिहिते.

आमच्या लाइनवर निम्म्याहून जास्त बायका होत्या, वायरिंग हार्नेस (गाडीतल्या वायरींचे जुडगे) आणि पॅकिंगला. कंपनीला मोठ्या कंपनीची ऑर्डर कमी झाली, मग आधी तिसरी शिफ्ट बंद, मग कंत्राटी कमी, मग एक दिवस गेटवर नोटीस. आम्ही बहुतेक ठेकेदाराच्या नावावर होतो, त्यामुळं कंपनी म्हणते तुम्ही आमचे नाहीच आणि ठेकेदाराचा फोन बंद. पीएफ मिळाला पण त्यात अधल्यामधल्या महिन्यांचे पैसे भरलेलेच नव्हते. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं पाहिजेत, ठेकेदार दर थोड्या दिवसांनी बदलायचा म्हणजे कागदावर आमची पाच वर्षं कधी झालीच नाहीत.

त्यानंतर पुरुष चाकण-रांजणगावला गेले. बाई जाऊ शकत नाही, पोरांच्या शाळा असतात, सासू असते. मग ती बाई काय करते, चार घरची धुणीभांडी किंवा पापडाचं काम. सरकारच्या पाहणीत ती बेकार दिसतच नाही, 'काम करते' असंच दिसणार. पगार निम्म्याहून कमी, आणि बँकेच्या खात्यात येणारा पगार जो तिच्या नावावर यायचा तो गेला. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हे. पगार स्वतःच्या खात्यात यायचा तेव्हा घरात विचारून निर्णय व्हायचे.

वाळूज_शिफ्ट_सी

ताई शंभर टक्के. आणि कायद्याचं बघा, शंभर किंवा जास्त कामगार असले तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची, नव्या औद्योगिक संबंध संहितेनं ती मर्यादा तीनशेवर नेली. कंत्राटी लोक अशा मोजणीत कुठं असतात ते ताईंनी सांगितलंच आहे.

कुणी म्हणेल परवानगीच्या भानगडीमुळंच मालक मोठा कारखाना काढत नाहीत. असेल, मी नाकारत नाही. पण परवानगी लागायची तेव्हा पण कारखाने बंद पडलेच की, फक्त 'बंद' असं न म्हणता वीज तोडून पगार थकवून बंद पडायचे. चितेगावचं व्हिडिओकॉन काय परवानगी मागून थांबलं का? २०१८ ला दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं. पैठण रोडवरची किती गावं त्या कंपनीच्या बसच्या हॉर्नवर उठायची.

आणि पेन्शनवर एक वाक्य, ईपीएस म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला १००० रुपये आहे. हजार. जर्मन खाणकामगाराचं वाचून हसावं का रडावं कळंना.

अर्थात_लातूर

वाळूज_शिफ्ट_सी, एक बाजू राहिली. सगळ्या नोकऱ्या परदेशात गेल्या असं नसतं. अमेरिकेत कारखान्यातले कामगार १९७९ ला सर्वात जास्त होते, १ कोटी ९५ लाख, २०१० ला १ कोटी १५ लाखांपर्यंत उतरले, पण त्याच काळात त्यांचं उत्पादन मात्र वाढलं. कमी माणसांत जास्त माल. चीन २००१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत आला त्यानंतरचा फटका वेगळा, त्यावर अभ्यास झालेत, १९९९ ते २०११ मध्ये चिनी मालामुळं वीसेक लाख नोकऱ्या गेल्या असा त्यांचा अंदाज. त्या अभ्यासातली मला सगळ्यात डाचलेली गोष्ट म्हणजे नोकरी गेलेली माणसं दुसऱ्या गावी गेलीच नाहीत. आम्ही वर्गात शिकवतो की मजूर जिथं काम तिथं जातो. नाही जात. घर विकलं जात नाही, आईबाप म्हातारे असतात, ओळखीपाळखी इथंच. गेली ती थोडी तरुण पोरं, आणि गाव अजूनच म्हातारं झालं.

मराठवाड्यात हे उलटसुलट झालंय, आपला माणूस कायमचा न जाता हंगामी जातो. बीडचा ऊसतोड कामगार सहा महिने कारखान्यावर, सहा महिने गावात.

परळी_पॅसेंजर

परळीचं कुणी लिहीना म्हणून लिहितो. आमच्याकडं थर्मल म्हणजे कोळशावरचं वीजकेंद्र आहे, जुने संच मोडीत निघाले, नवे चालू आहेत. कोळसा लांबून येणार, पाणी गोदावरीचं, आणि २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून सगळं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे पर्यावरणानं कारखाना बंद पाडला, उलटं पण होतं.

राख सगळ्यांना माहितीये. राखेचे डोंगर, उन्हाळ्यात वारा सुटला की वाळत घातलेले कपडे परत धुवा. पण त्याच राखेवर वीटभट्ट्या, टिप्पर, सिमेंटवाले, एवढी मोठी दुनिया आहे. परळीतल्या माणसाला विचारलं थर्मल बंद व्हावं का, तर खोकत खोकत नाही म्हणंल. त्याला मूर्ख समजू नका, बंद झाल्यावर राख इथंच राहणारे आणि पगार जाणारे हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

स्वान्सीचा_नांदेडकर

परळी_पॅसेंजर यांचं शेवटचं वाक्य भोपाळला अगदी लागू आहे. युनियन कार्बाइडचा कारखाना १९८४ पासून बंद. विषारी कचरा तिथंच. ३३७ टन कचरा तिथून हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडला, पीथमपूरला नेऊन जाळला, तेही तिथल्या लोकांच्या विरोधात. चाळीस वर्षं! आणि जमिनीत मुरलेलं अजून तसंच आहे.

रूरचं सांगायचं तर तिथं एम्शर नावाची नदी आहे, शंभरएक वर्षं तिला उघडी गटार म्हणूनच वापरली, काँक्रीटच्या पन्हाळीत. कारण खाणींमुळं जमीन खचत होती, जमिनीखाली ड्रेनेजचे पाईप टिकत नव्हते. खाणी उत्तरेकडं सरकल्यावर १९९२ ला काम काढलं, २०२१ च्या शेवटी नदी मैलापाण्यातून मोकळी झाली, खर्च साडेपाच अब्ज युरो. आणि जमीन काही ठिकाणी वीसेक मीटर खाली बसलीय, पंप बंद केले तर रूरचा मोठा भाग तळं होईल. म्हणून पंप कायम चालू ठेवायचे, खाण बंद झाली तरी. त्यासाठी वेगळी फाउंडेशन आहे, तिच्याकडं खाण कंपनीच्या रासायनिक धंद्याचे शेअर दिलेत, त्याच्या पैशातून दरवर्षीचा खर्च निघतो.

जालना_भट्टी

हे भारी आहे. बंद पडलेला धंदा चालू धंद्याच्या नफ्यातून स्वतःची घाण उपसतोय. आपल्याकडं उलटं, मालक चालू धंद्याचा नफा दुसरीकडं नेतो आणि बंद धंद्याच्या नावावर कर्ज ठेवतो.

काळी_माती

संभाजीनगरजवळ बिडकीनला नवी औद्योगिक वसाहत होतेय, तिचं काय म्हणता मग? २०२४ ला टोयोटा-किर्लोस्कर आणि विजेच्या स्कूटरवाल्या एथरच्या कारखान्यांच्या घोषणा झाल्या, जमिनी आधीच घेतल्यात, पोरं खुश आहेत. पाणी जायकवाडीचं. जायकवाडी भरलं तर ठीक, नाही भरलं तर आधी कोण बंद, आमचा कालवा की त्यांची लाइन? लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, विसरलो नाही अजून.

मुकुंदवाडीची_ताई

माझ्या भाच्याला पण तिथंच पाहिजे नोकरी. मी त्याला एवढंच सांगितलं की कंपनीच्या नावावर लाग, ठेकेदाराच्या नाही, आणि पीएफचा नंबर दर महिन्याला मोबाईलवर बघत जा.

गोदाकाठ

मला वाटतं ताईंनी जे भाच्याला सांगितलं तेच सगळ्या एमआयडीसीला सांगायची वेळ आहे. कोळसा खाणींना आपल्याकडं २००९ पासून नियम आहे, खाण सुरू करतानाच बंद करायचा आराखडा द्यायचा आणि त्यासाठीचे पैसे दरवर्षी एस्क्रो खात्यात (त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या, कंपनीला परस्पर काढता न येणाऱ्या खात्यात) भरत जायचे. मग बिडकीन-शेंद्र्याला जमीन, वीज, करात सवलत देताना हीच अट का नको? सवलतीचा काही भाग वेगळ्या खात्यात, कंपनी गेली तर त्यातून आधी कामगारांचे पैसे, ठेकेदाराचे धरून, आणि मग जमिनीची सफाई. भूजलाचे नमुने कारखाना यायच्या आधी एकदा घेऊन ठेवा, म्हणजे नंतर कुणी म्हणू शकणार नाही की विहीर आधीपासूनच लाल होती.

वाळूज_शिफ्ट_सी

अट घातली तर कंपनी गुजरातला जाईल असं म्हणतील लगेच.

गोदाकाठ

म्हणतील. खाणवाले पण म्हणाले असतील, पण कोळसा जिथं आहे तिथंच खणावा लागतो, कारखान्याला पाय असतात, हा फरक आहे खरा. म्हणून ही अट एकट्या बिडकीनला घालून भागणार नाही, देशभर एकसारखी पाहिजे. अर्थात_लातूर सर, तुमच्याकडं त्या खाणीच्या नियमाचा मसुदा असेल तर टाका ना इथं.

अर्थात_लातूर

आहे. उद्या कॉलेजात गेल्यावर शोधून महत्त्वाची कलमं टाईप करून टाकतो.

मुकुंदवाडीची_ताई

सर साध्या मराठीत टाका, सरकारी नको. मला आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर पाठवायचंय, तिथं बऱ्याच जणींचे नवरे शेंद्र्याला ठेकेदाराकडंच आहेत.